खाजा पेंटरकडं तीस दिवस

बी.ए.ची एक मुलगी महिनाभर आपल्याकडं काम शिकायला येणार, हे ठरलं तेव्हा खाजा पेंटर शिडीवर होता. एक ब्रश तोंडात होता, दुसरा हातात. त्यामुळं त्याला नीट नाही म्हणता आलं नाही.

खाली वैजनाथ सर उभे होते. सर लातुरातल्या एका कॉलेजात बी.ए.ला मराठी शिकवायचे. त्यांचे प्राचार्य नांदेडला कसल्याशा बैठकीला जाऊन आले होते आणि येताना ‘कार्यानुभव’ घेऊन आले होते. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकानं उन्हाळ्याच्या सुट्टीत तीस दिवस कुठंतरी प्रत्यक्ष काम करायचं, रोजची वही लिहायची आणि शेवटी पन्नास गुणांचा अहवाल द्यायचा. शिकता शिकता नोकरीची वाट सापडली पाहिजे, असं प्राचार्यांचं म्हणणं होतं. ही जबाबदारी वैजनाथ सरांवर आली, कारण ज्या दिवशी ती वाटली गेली त्या दिवशी सर रजेवर होते.

मग सर आपल्या स्कूटरवरून गावभर फिरले. बँकेचे साहेब म्हणाले, “इथं तिजोरी असते.” डाळ मिलच्या मालकानं सरांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, “पोराला येतं काय?”

“बी.ए. करून राहिलाय.”

“ते कळलं. येतं काय?”

सर पाणी पिऊन बाहेर आले होते.

एकूण एकतीस विद्यार्थी. त्यातल्या एकोणीस जणांनी आपल्या बापाच्याच दुकानात अनुभव घ्यायचं ठरवलं. बाकीचे औषधांच्या दुकानात, झेरॉक्सवाल्याकडं, राशनवाल्याकडं लागले. एक उरली.

“तिच्या बापाचं दुकान न्हाई का?” खाजानं तोंडातला ब्रश काढून विचारलं.

“न्हाई. हिमायतनगरकडं शेती हाय.”

“पगार काय द्यायचा?”

“पगार नाही. फक्त अनुभव द्यायचा.”

“तो कुठून आणू?” खाजा म्हणाला. पण तोवर सरांनी कागदावर ‘खाजा पेंटर, गंजगोलाई’ असं लिहिलं होतं आणि स्कूटरला किक मारली होती.

हे १९९८ सालचं. लातुरात तेव्हा बारावी सायन्सचा सुकाळ होता. जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं ट्रंका घेऊन एसटीतून उतरायची, एका खोलीत पाच पाच राहायची आणि पहाटे पाचला फिजिक्सच्या क्लासला बसायची. गल्लीगल्लीत क्लास निघाले होते, आणि क्लास म्हटलं की बोर्ड आला. खाजाला वीस वर्षांत मिळालं नव्हतं एवढं काम चार वर्षांत मिळालं होतं. भिंती, पत्रे, गेट, एकदा तर पाण्याची टाकी. मधेच, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नवी गावं बसवली गेली, तेव्हा त्यानं तिथं घरांवर नंबर टाकले होते. शेकड्यांनी घरं. त्या कामात अक्षरं नव्हती, नुसते आकडे होते, म्हणून ते सोपं गेलं.

मुलगी सोमवारी सकाळी नऊला आली. उज्वला तिचं नाव. सडपातळ, चष्मा, हातात शंभरपानी वही. पत्र्याच्या शेडसमोर ती उन्हातच उभी राहिली. मागच्या घरातून खाजाची बायको जोहरा ओरडली, “अजी, बच्ची धूप में खड़ी है, बैठने को तो बोलो!” खाजानं रिकामा डबा उलटा करून दिला. ती बसली आणि बघायला लागली.

ती दिवसभर बघत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. खाजा खडूच्या भुकटीत सूत बुडवायचा, ताणून पत्र्यावर झटका देऊन रेघ उमटवायचा, रेघांमध्ये पेन्सिलीनं अक्षरं बांधायचा, मग रंग भरायचा. आणि ती प्रत्येक वेळी वहीत काहीतरी लिहायची. पस्तीस वर्षं तो भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर काम करत आला होता, पण त्याचा हात कधी अडखळला नव्हता. आता अडखळायला लागला. तिसऱ्या दिवशी ‘प्रवेश सुरू’मधला श त्यानं तीनदा पुसला.

चौथ्या दिवशी दुपारी जोहरानं तिला आत जेवायला बोलावलं. वही डब्यावरच राहिली. खाजानं ती उघडली. दुसऱ्याची वही उघडू नये हे त्याला माहीत होतं. पण तीत आपल्याबद्दलच लिहिलेलं असणार, हेही माहीत होतं.

पहिल्या पानावर तारीख होती, आणि खाली ‘निरीक्षण’. मग यादी. ‘गुनवंत : ण हवा. परिक्षा : री दीर्घ. विद्यार्थि : र्थी दीर्घ. मार्गदर्षन : श हवा.’ एकूण सतरा. सगळे त्याच आठवड्यातले बोर्ड.

ती जेवून आली तेव्हा खाजा वही मांडीवर घेऊन बसला होता.

“हे काय हाय, बेटा?”

“निरीक्षण, चाचा.”

“मग त्याच टायमाला बोलली का न्हाईस?”

“सरांनी सांगितलंय, पहिला आठवडा फक्त निरीक्षण करायचं. हस्तक्षेप करायचा नाही.”

खाजा सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकला होता. मराठी त्यानं उस्तादाच्या हाताखाली, अक्षरांची वळणं गिरवत उचलली होती.

“हे बघ,” तो म्हणाला, “ण लई जागा खातो. न पेक्षा अंगठाभर जास्ती. पत्रा संपत आला की मी न टाकतो. आजवर कुणी काही म्हणालं न्हाई.”

उज्वलानं यावर विचार केला. वर्गात शुद्धलेखनाचे अठरा नियम शिकवले होते. त्यात पत्रा संपण्याचा नियम नव्हता.

“मग सगळीच अक्षरं जराशी बारीक केली तर?” ती म्हणाली. “आधी मोजून घेतली तर?”

“मोजणार कोण?”

दुसऱ्या आठवड्यापासून ती मोजायला लागली. आधी मजकूर कागदावर शुद्ध लिहायची, मग खाजा तिला सांगायचा : र अर्ध्या घरात बसतो, क्ष ला दीड घर, जोडाक्षराला खाली श्वास घ्यायला जागा ठेवायची. ती आडवी पट्टी धरून घरं पाडायची आणि खाजा अक्षरं बसवायचा. पत्रा संपायचा बंद झाला. सूत ताणून झटका मारायला तिला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी रेघ सरळ आली, तेव्हा खाजा म्हणाला, “हां.” त्याच्याकडून एवढीच शाबासकी मिळायची. वहीत तिनं लिहिलं, ‘आज हां म्हणाले.’

जूनच्या सुरुवातीला बारावीचा निकाल लागला. त्या आठवड्यात खाजाच्या शेडसमोर क्लासवाल्यांची रांग लागली. उदगीरचा फरहान नावाचा एक पोरगा बोर्डाच्या मेरिट यादीत झळकला होता. केमिस्ट्रीच्या नरसिंग सरांनी सकाळी ऑर्डर दिली : ‘आमचा विद्यार्थी फरहान’. दुपारी फिजिक्सवाले आले, त्यांचाही फरहान. संध्याकाळी बायोलॉजीवाले. दुसऱ्या दिवशी एक इंग्रजीचे सर आले आणि दबकत म्हणाले, “आमच्याकडं तो तीन दिवस आला होता.”

उज्वलानं चौथ्यांदा ‘फरहान’ची घरं पाडली आणि विचारलं, “चाचा, हा पोरगा नक्की शिकला कुठं?”

“जिथं बोर्ड हाय तिथं,” खाजा म्हणाला.

ती हसली नाही. रंगात ब्रश ढवळत म्हणाली, “मीबी नरसिंग सरांकडंच होते. दोन वर्षं. एक्कावन्न टक्के पडले.”

“एक्कावन्न म्हंजे निम्म्याच्या वर हाय,” खाजा म्हणाला.

“बाबांनी गावात सगळ्यांना सांगितलं होतं, पोरगी डॉक्टर होणार. मग गावी जायला नको वाटलं. बी.ए.ला नाव टाकलं. अजून घरी वाटतंय की मी परत बारावीला बसणार हाय.”

“सांगितलं न्हाईस?”

“न्हाई.”

खाजानं ‘फरहान’चा फ रंगवायला घेतला. मग तो म्हणाला, “तुझं नाव मात्र तू चुकीचं लिवतीस. वहीच्या वर हाय ते. सर म्हणत होते, ज ला अजून एक ज पायजे.”

“हाव. नियमानं उज्ज्वला. पण शाळेत घालताना बाबांनी सांगितलं ते मास्तरांनी तसंच लिवलं. आता ते चूक हाय, पण माझं हाय.”

हे खाजाला पटलं.

तीस दिवसांतले बावीस झाले होते, तेव्हा बोरखडीचा रामकिशन आला. बोरखडी म्हणजे भूकंपात पडलेलं एक गाव, जुन्या जागेपासून दीड कोसावर नव्यानं वसवलेलं. रामकिशनचं तिथं किराणा दुकान होतं. येत्या तीस सप्टेंबरला पाच वर्षं होणार होती. गेलेल्या माणसांच्या नावांचा एक मोठा बोर्ड समाजमंदिरासमोर लावायचं गावानं ठरवलं होतं. त्यानं टाइप केलेली यादी पुढं ठेवली. दोनशे बारा नावं.

खाजानं यादी हातात घेऊन वजन केल्यासारखी हलवली. “चार रांगा. एका रांगेत त्रेपन्न. आठ बाय सहाचा पत्रा.”

उज्वलानं यादी वाचायला घेतली. दुसऱ्या पानावर थांबली, तिसऱ्यावर परत थांबली.

“यात चौसष्ट नंबरला ‘पत्नी’ एवढंच हाय.”

“सरकारी यादी हाय ती,” रामकिशन म्हणाला.

“आणि हे ‘चतराबाई’. चतुराबाई असंल ना? आणि एकशेदोनला नुसतं ‘मुलगी, वय बारा दिवस’.”

“जसं हाय तसं टाका,” रामकिशन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. “लई वेळा लिवून झालंय हे. लोकांना परत इचारायला नको वाटतं.”

तो गेल्यावर खाजा म्हणाला, “गिऱ्हाईक सांगंल ते लिवायचं. हा धंद्याचा नियम हाय.”

“क्लासचा बोर्ड चुकला तर पुसता येतो, चाचा. पाच वर्षांनी ‘पत्नी’ असं वाचायला कोण येईल?”

त्या दिवशी जेवून हात धुताना खाजा जोहराला म्हणाला, “कल बोरखडी को जाना है.” जोहरानं विचारलं, कोण कोण? मग स्वतःच ठरवलं, की परक्याची जवान पोरगी एकट्या पेंटरसोबत गावोगाव फिरणार नाही, आपणही येणार. तिनं ज्वारीच्या भाकऱ्या आणि अंबाड्याची चटणी बांधून घेतली.

नवं बोरखडी एसटीतून उतरल्याबरोबर कळायचं. रस्ते गरजेपेक्षा रुंद, घरं एकसारखी, ओळींना अ, ब, क अशी नावं. घरांवरचे नंबर खाजानंच टाकलेले होते. त्यानं ‘ब ३२’ जवळ जाऊन बघितलं. रंग टिकला होता.

पहिल्याच घरी गुरुबसप्पा नावाचा म्हातारा ओट्यावर बसला होता. उज्वलानं यादी काढली आणि नाव शोधलं. मग तिनं यादीकडं बघितलं, म्हाताऱ्याकडं बघितलं, परत यादीकडं बघितलं.

“आजोबा, तुमचं नाव यादीत हाय.”

“हाय ना,” गुरुबसप्पा म्हणाला. “तीनदा सांगून आलो. राशन कार्डावर मी जिता हाय, ह्या यादीत न्हाई. चालतंय.”

“बोर्डावर टाकू नको ना मग?”

त्यानं थोडा विचार केला. “आत्ताच नको,” तो म्हणाला.

घरोघर फिरण्यात तीन दिवस गेले. जोहरा बायकांत बसायची, मग बायका बोलायला लागायच्या. चौसष्ट नंबरची ‘पत्नी’ म्हणजे कलावती निघाली. तिला गाणं येत होतं, असं शेजारणीनं आपणहून सांगितलं. उज्वलानं तेही लिहून घेतलं, जरी बोर्डावर त्याला जागा नव्हती. दोन नावं दोनदा आली होती. चार माणसं यादीत नव्हतीच. त्यातली तीन पाहुणी होती, गौरी-गणपतीला आलेली आणि दोन दिवस जास्त राहिलेली.

एका घरात परशुराम होता. यादीत परसराम. त्याचा बाप म्हणाला, “आम्ही परश्याच म्हणायचो.” भाऊ म्हणाला, “शाळेत परशुराम होतं.” बापलेकांत वाद झाला. उज्वलानं पेन्सिल खाली ठेवली. नियमानं परशुराम बरोबर होतं, हे तिला माहीत होतं, पण ते सांगायला तिची जीभ उचलेना. शेवटी बाप म्हणाला, “परश्या लिवा. परशुराम म्हटलं तर त्यो वळूनबी बघायचा न्हाई.” खाजा मागून म्हणाला, “परश्या लिव, बेटा.” ती लिहून मोकळी झाली.

एकशेदोन नंबर शेवटच्या ओळीत होता. दारात दानम्मा भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. तिचं मराठी कानडीच्या अंगानं जायचं. ‘मुलगी, वय बारा दिवस’ तिचीच. उज्वलानं कसं विचारायचं ते घरातून निघतानाच ठरवलं होतं, पण दारात ते आठवेना.

“बारसं झालं नव्हतं का, मावशी?”

“दुसऱ्या दिशी होतं.”

“मग नाव...”

“ठरलं होतं की.” दानम्मानं शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. “माझ्या मनात ठरलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. आधी सांगत न्हाईत.” मग काही वेळ ती नुसत्या शेंगा निवडत राहिली. जोहरा तिच्याशेजारी बसली आणि तीही शेंगा निवडायला लागली. चारपाच मुठी झाल्यावर दानम्मा म्हणाली, “रुद्राणी.”

उज्वलानं पेन्सिल टेकवली. “रु पहिला लिवू का दुसरा?”

“मला कुठं लिवता येतंय. तू शिकलेली हायस, तूच बघ.”

उज्वलानं पहिला रु लिहिला. वही मिटल्यावर ती उठली नाही, म्हणून खाजाही बाहेर ओट्यावर बसून राहिला. परतीची चारची एसटी चुकली. ते साडेपाचच्या एसटीनं आले.

नावं दोनशे तेरा झाली. त्यात उज्वलाचे तीस दिवस संपले. एकतिसाव्या दिवशीही ती नऊला आली. खाजानं पट्टी तिच्या हातात दिली.

कॉलेजचा फॉर्म मात्र भरावा लागला. आस्थापनेचं लेटरहेड आणि शिक्का पाहिजे, असा निरोप वैजनाथ सरांनी पाठवला. खाजाकडं दोन्ही नव्हतं. त्यानं कोऱ्या कागदावर सगळ्यात बारीक ब्रशनं लेटरहेड काढलं, निळ्या रंगात, अक्षरांच्या सावलीसकट. खाली गोल शिक्काही काढला. हा शिक्का खरा आहे का, असं कॉलेजच्या बाबूनं विचारलं, तेव्हा सर म्हणाले, “माणूस तर खरा हाय.” फॉर्ममध्ये ‘विद्यार्थ्याची प्रगती’ या रकान्यात खाजानं लिहिलं होतं, ‘चांगली. विचारते.’ ‘सुधारणेस वाव’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘शिडीवर असताना खाली बघते.’

तोंडी परीक्षेला नांदेडहून एक तज्ज्ञ आले. त्यांनी उज्वलाला विचारलं, “या अनुभवाचा तुमच्या अभ्यासक्रमाशी संबंध काय?”

“नाव लिहायच्या आधी ज्याचं त्याला विचारायचं असतं,” ती म्हणाली. “आणि ते सांगतात ते कधी कधी नियमात बसत नाही. तरी तेच लिहायचं.”

तज्ज्ञांनी अहवाल चाळला. त्यात उद्दिष्टं नव्हती, आलेख नव्हता. त्यांनी पन्नासपैकी एकतीस दिले. बापाच्या कापड दुकानात रंगीत फोटो काढून आणलेल्या पोराला सेहेचाळीस मिळाले. वैजनाथ सर गुणपत्रक घेऊन खाजाकडं आले आणि ओशाळून उभे राहिले. खाजानं आकडा बघितला. “निम्म्याच्या वर हाय,” तो म्हणाला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ट्रॅक्टरमधून बोर्ड बोरखडीला गेला. चार खांबांवर तो उभा केला, तेव्हा गाव जमलं. कुणी भाषण केलं नाही. रामकिशननं केलं असतं, पण त्याला सुरुवातच सुचली नाही. लोक बोटांनी नावं शोधायला लागले. रंग वाळलाय का, अशी खाजाला धास्ती होती. वाळला होता.

दानम्मा मागं उभी होती. उज्वलानं तिला हात धरून पुढं आणलं आणि तिसऱ्या रांगेत, वरून अकरावं नाव दाखवलं. दानम्मानं ते बराच वेळ बघितलं.

“एवढंच?”

“हाव. तीन अक्षरांची जागा लागली.”

“बरं दिसतंय,” दानम्मा म्हणाली आणि सगळ्यांना चहा ठेवायला घरी गेली.

त्या दिवाळीत उज्वला हिमायतनगरला गेली आणि बापाला सगळं सांगून आली. बाप दोन दिवस शेतातच राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, “बोर्ड रंगवायला पोरींना घेतात का?” ती म्हणाली, “रंगवायला न्हाई. तपासायला.” त्याला ते डॉक्टरच्या जरा जवळचं वाटलं.

बी.ए. झाल्यावर खाजानं तिला चिठ्ठी देऊन नांदेडला आपल्या भाच्याकडं पाठवलं. भाच्याचं नाव हमजा. त्याचं प्रेस होतं; क्लासच्या प्रश्नपत्रिका, हँडबिलं, लग्नपत्रिका छापायचा. उज्वला तिथं प्रूफ तपासायला लागली. सहा महिन्यांनी हमजा लातूरला आला तेव्हा कुरकुरत होता. ही मुलगी दिवसभर फोनवर असते, प्रत्येक नवरीच्या बापाला फोन करून विचारते, ‘तुमच्यात कसं लिहितात?’

“मग?” खाजानं विचारलं.

“मग काय, मामू. गिऱ्हाईक वाढून राहिलं.”

पुढं फ्लेक्सची मशिनं आली आणि खाजाचं काम कमी झालं. पण वैजनाथ सर दर उन्हाळ्यात दोनतीन पोरं पाठवत राहिले. एका वर्षी कशिश नावाची मुलगी आली. तिला खाजानं पहिल्याच दिवशी हातात कागद देऊन बाजारात पाठवलं, की जा, दहा दुकानदारांना त्यांची नावं विचारून ये.

उज्वला प्रेसमध्ये राहिली, आणि पुढं मराठीचं सगळं काम हमजानं तिच्याकडं सोपवलं. सात वर्षांत एकच पत्रिका परत छापावी लागली. त्या पत्रिकेतलं एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. नवरा बदलला होता.